शंकू पाडल्याबद्दल अभिनंदन

पाय निकामी झालेल्या माणसाने गाडी चालवणे ही समाजाला भूषणावह गोष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. त्याने ती इस्पितळात जाण्यासाठी चालवावी, कचेरीत जाण्यासाठी चालवावी, फार तर सासूला स्टेशनवर सोडण्यासाठी चालवावी. निव्वळ मजेसाठी चालवण्याची कुठे तरतूद नाही. (मनाईही नाही. तसे कोणाच्या डोक्यातच आलेले नाही.)

जपानमधल्या गुन्मा प्रांतातले मिनेगिशी कोहेई या बाबतीत आडमुठे निघाले. छपरावरचा बर्फ उपसताना ते खाली आले आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने त्यांना खुर्चीसकट आत जाता येईल अशी उंच, पेटीसारखी व्हॅन सुचवली. त्यांनी दोन सीटची, उघड्या टपाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली पिवळी गाडी घेतली. तिच्यात बसायचे म्हणजे आधी स्वतःला आत टाकायचे, मग खुर्चीची चाके काढायची आणि खुर्ची स्वतःच्या अंगावरून ओढून शेजारच्या सीटवर ठेवायची. त्यामुळे पत्नी सानाए यांना त्या गाडीत बसण्याचा योग आजवर आलेला नाही. त्यांची याबद्दल काही तक्रार नाही, उलट रविवारी त्या फार प्रसन्न असतात.

गाडी पायांशिवाय चालते. डाव्या हाताशी एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. उजव्या हाताला स्टिअरिंगवर बसवलेली मूठ. दांडा ओढला की पाठ सीटला चिकटते, वारा कानात शिरतो आणि मिनेगिशीसानांना इतका आनंद होतो, की आपण नगरपालिकेत पाणीपट्टी खात्यात आहोत हेही ते विसरतात.

उन्हाळ्यात बर्फ नसलेल्या स्की-मैदानाच्या वाहनतळावर तिथला एक मोटारक्लब रविवारी स्पर्धा भरवतो. प्लास्टिकचे शंकू मांडायचे, सकाळी मार्ग जाहीर करायचा आणि प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. शंकू पाडला की लाल झेंडा वर आणि पाच सेकंद दंड. शंकूला चुकीच्या बाजूने वळसा घातला, तर वेळ धरतच नाहीत. नियमावलीत ‘सर्व स्पर्धकांनी मार्ग पायी फिरून पाठ करावा’ असेही आहे. मिनेगिशीसान पहिल्यांदा आले तेव्हा या कलमावर समितीची तातडीची बैठक झाली, आणि खुर्चीवरून फिरणे हे पायी फिरणेच समजावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सदस्य गैरहजर. ते शंकू मांडत होते.)

इथवर सगळे ठीक होते. पुढे क्लबचा चांगुलपणा आवरेना.

तीन हंगामांत मिनेगिशीसानांनी पुष्कळ शंकू पाडले. नोंद एकाचीही झाली नाही. ते जवळ आले की झेंडेवाला समोरच्या डोंगराकडे बघू लागे. क्लबचे अध्यक्ष तोयोशिमा, एक निवृत्त दंतवैद्य, ध्वनिक्षेपकावर इतरांची वेळ जाहीर करत, मिनेगिशीसानांच्या बाबतीत ते फक्त “पोहोचले!” असे जाहीर करत. मग टाळ्या. वर्षाअखेरीस ‘प्रेरणा पुरस्कार’ म्हणून पेटीत घातलेले एक खरबूज, जे तिकडे उंची भेट समजतात. ते नाकारायचे असे मिनेगिशीसानांनी तिन्ही वेळा पक्के ठरवले होते. परंतु खरबूज उत्तम प्रतीचे असे.

त्यांना हवा होता एक खरा आकडा. अपघातापूर्वी ते गाडी फर्मास चालवत, असे त्यांचे स्वतःचे मत होते. आता कशी चालवतो, हे जगात कोणीतरी तोंडावर सांगावे, एवढ्यासाठी त्यांचा जीव तळमळत असे. प्रेमळ माणसांच्या गराड्यात ही सोय नसते.

चौथ्या हंगामात झेंडा कुत्सुना रिए यांच्या हातात आला. या बाई शेजारच्या खोऱ्यात केशकर्तनालय चालवतात आणि क्लबमध्ये नव्या होत्या. त्यामुळे डोंगराकडे केव्हा बघायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मिनेगिशीसानांची फेरी संपली तेव्हा झेंडा वरच होता.

तोयोशिमासान धावत त्यांच्याकडे गेले. “कुत्सुनासान, खाली घ्या तो. अहो, हे मिनेगिशीसान आहेत.”

“ठाऊक आहे की. दारावर नाव रंगवलंय.”

“जरा समजून घ्या.”

“काय समजून घ्यायचं? दोन शंकू पाडले. तिसऱ्याला उजवीकडून वळायचं, तर हे डावीकडून गेले. तो वाचला तो त्यामुळेच.”

 हे ऐकून मिनेगिशीसानांनी गाडी कुत्सुनासानांपाशी नेऊन विचारले, “माझं नेमकं चुकतं कुठं?”

“खरं सांगू?”

“सांगा.”

“वळण दिसलं की तुम्ही घाबरता. लांबूनच ब्रेक, मग उशीर झाला म्हणून वळणातच वेग. गाडी वाकडी जाणार नाही तर काय होईल? आणि राग मानू नका, पण पाय धड असते तरी तुम्ही अशीच चालवली असतीत.”

ज्या वाक्याची तीन वर्षे वाट पाहिली, ते हे. त्यावर मान लववून आभार मानायचे, याचा मिनेगिशीसानांनी आरशासमोर सरावही केला होता. प्रत्यक्षात तोंडातून निघाले ते असे: “तुम्हाला काय कळणार, बाई? एका हातात वेग न् ब्रेक, दुसऱ्यात स्टिअरिंग. वळणावर हँडब्रेक ओढायला तिसरा हात कुठून आणू मी?”

आवाज इतका केविलवाणा होता, की तसा दुसऱ्या कोणी त्यांच्याविषयी काढला असता तर त्यांनी त्याचे तोंड पाहिले नसते. तोयोशिमासानांचे डोळे पाणावले. त्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“या मार्गात हँडब्रेक लागतच नाही,” कुत्सुनासान म्हणाल्या.

फलकावर त्या दिवशी मिनेगिशीसानांचे नाव सर्वांत खाली, वेळेविना लागले. ज्याची गाडी सुरूच झाली नाही त्या पोस्टमनच्याही खाली.

“काय हो, कसं झालं?” घरी सानाएंनी विचारले.

“नवी बाई आलीय. फार निष्ठुर आहे.”

“म्हणजे चूक दाखवली वाटतं,” सानाए म्हणाल्या आणि भात वाढू लागल्या.

जेवण झाल्यावर मिनेगिशीसान अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले आणि दांड्याला हात न लावता, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत, वळणे घेऊ लागले. तिथेही त्यांचा डावा हात वळणाआधीच ब्रेकसाठी दोनदा पुढे गेला. कुत्सुनाबाईंचे म्हणणे खरे होते. त्यांना लाज वाटली, आणि खूप दिवसांनी बरे वाटले.

इकडे क्लबने झेंडेवाल्यांसाठी सहानुभूतीचा अर्ध्या दिवसाचा वर्ग सुरू केला आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही काही जागा भरायच्या आहेत. वाचकांपैकी ज्यांना कुत्सुनाबाई जरा जास्तच बोलल्या असे वाटले, त्यांची नावे आम्ही क्लबला परस्पर कळवून टाकली आहेत. या जागांसाठी गाडी चालवता येण्याची अट नाही.