अर्ध्या घरट्याचं व्हिजन

एका जंगलात, मुलांनो, मत प्रत्येकाकडे होतं आणि घर फार थोड्यांकडे होतं. त्यामुळे तिथे घरटी बांधून देण्याचा धंदा बरा चालायचा.

त्या जंगलात एक विहीर होती. विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. त्या बाभळीवर 'गुणाजी आणि बंधू' यांचं घरट्यांचं दुकान होतं. गुणाजी म्हणजे थोरला सुगरण पक्षी. बंधू म्हणजे येसाजी, त्याचा धाकटा भाऊ. पाटीवर येसाजीचं नाव नव्हतं, नुसतं 'बंधू' होतं. त्याला तेवढं पुरायचं. उलट बरं वाटायचं.

गुणाजीची कामाची एक पद्धत होती. तो घरटं आधी अर्धंच विणायचा. वरचा घुमट झाला आणि मधली आडवी दांडी बसली की थांबायचा. मग त्याची बायको पारू त्या दांडीवर बसायची आणि घरटं गदागदा हलवायची. पारूवहिनीचं वजन मूठभर, पण हलवायची ती वानरासारखी. तिच्या परीक्षेत घरटं टिकलं तर गिऱ्हाइकाला बोलावणं जायचं. गिऱ्हाईकही बसून, हलवून बघायचं. त्याने मान डोलावली की येसाजी पुढे व्हायचा आणि खालची बोगद्यासारखी वाट विणून काम पुरं करायचा. घुमट दादाचा, वाट येसाजीची.

आणि नापास झालं तर? तर गुणाजी एक शब्द बोलायचा नाही. अर्धं घरटं सोडवायचा, विहिरीत टाकायचा आणि नवं गवत आणायला जायचा.

एके दिवशी तो असाच गवत आणायला गेला. वर पाखरं मारणारा शिक्रा घिरट्या घालत होता. येसाजी तेव्हा ओढ्यावर आंघोळ करत होता.

मुलांनो, शिक्रा वाईट नसतो. त्यालाही पिल्लं असतात, त्यांनाही भूक लागते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याचा भाऊ गेलेला नसतो.

भेटायला सगळं जंगल आलं. सगळ्यांनी येसाजीला दोनच गोष्टी विचारल्या. जेवलास का, आणि आता पुढं काय.

येसाजी जेवला नव्हता. आणि पुढं काय, तर पुढं फांदीला दादाचं शेवटचं अर्धं घरटं लटकत होतं. ते कौतिका नावाच्या मुनियेसाठी होतं. मुनिया म्हणजे चिमणीहून लहान पाखरू. कौतिकाला अंडी घालायची होती आणि तिच्याकडे दुसरी जागा नव्हती.

ती सुतकातच येऊन गेली. बिचारी लांबच्या काटकीवर बसली.

"येसूभाऊ, विचारू नये, पण विचारते. बसून बघू का?"

"आज नको, कौतिका."

"मग उद्या?"

"उद्याही नको."

"बरं," ती म्हणाली. "पण माझं अंग जड झालंय. अंड्यांना सुतक कळत नाही."

येसाजीला तिचा राग आला. त्याला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग येत होता. वाऱ्याने अर्धं घरटं हललं तरी तो वाऱ्यावर चिडायचा. त्या घुमटात दादाच्या चोचीने मारलेल्या गाठी होत्या. त्या कोणी हलवून बघायच्या, ओढून बघायच्या, आणि वर नाक मुरडायचं? ज्याने विणलं त्याच्या माघारी?

पण दाखवल्याशिवाय वाट विणायची नाही, ही तर दादाचीच पद्धत. म्हणून येसाजी दाखवतही नव्हता आणि विणतही नव्हता. नुसता शेजारी बसून होता. अशा अवस्थेला जंगलात 'नेतृत्वाची पोकळी' म्हणतात. आणि पोकळी कुठे आहे हे टिटवी मॅडमना लगेच कळायचं.

टिटवी मॅडम जंगलातल्या नामांकित सल्लागार होत्या. त्या पाय वर करून झोपायच्या. आभाळ पडलं तर झेलायला. आभाळ अजून पडलेलं नव्हतं, हाच त्यांच्या कामाचा दाखला होता. घरट्यांच्या धंद्यातला त्यांचा अभ्यास फार मोठा होता, कारण स्वतः त्यांनी कधी घरटं बांधलेलं नव्हतं. त्या उघड्या गोट्यांत अंडी घालायच्या. त्यामुळे त्यांचं मत घरट्यांच्या बाबतीत अगदी तटस्थ होतं.

"येसाजीराव," त्या आल्या आल्या म्हणाल्या, "तुमचं व्हिजन काय?"

त्याला पहिल्यांदाच कोणी येसाजीराव म्हटलं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे धंदा कुठे न्यायचाय?"

"कुठं म्हणजे? बाभळीवरच आहे की."

मॅडम हसल्या. समजूतदारपणे हसायला त्या वेगळं मानधन घ्यायच्या, पण पहिल्या भेटीत ते माफ असायचं.

"हे बघा. गवत विणणारे जंगलात ढीगभर आहेत. विणतो तो कारागीर. बघतो तो नेता."

"काय बघतो?"

"लांबचं."

येसाजी शेंड्यावर गेला आणि लांबचं बघितलं. एक टेकडी दिसली. तिच्यामागे आणखी एक टेकडी दिसली. मग शिक्रा दिसला. तो खाली आला.

"काही दिसलं?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं. नको वाटलं."

"सुरुवातीला असंच होतं," मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्यांची बैठक लावली.

बैठक नदीतल्या खडकावर झाली, कारण झाडावर बसून झाडाच्या पलीकडचं सुचत नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं. येसाजी होता, पारूवहिनी होती, पाती चिरून देणारे दोन चुलतभाऊ होते. ऊन चांगलंच लागत होतं.

"आपण काय बांधतो?" मॅडमनी विचारलं.

"घरटी," थोरला चुलतभाऊ म्हणाला.

"चूक."

"खोपे?" धाकट्याने धीर केला.

"चूक. घरटं ही वस्तू झाली. आपण ऊब बांधतो."

"ऊब कशानं बांधतात?"

"हाच तर खरा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खडकावरच्या वाळूत एक गोल काढला. गोलात दुसरा गोल काढला. चुलतभावांना वाटलं घरट्याचा घेर ठरतोय, म्हणून त्यांनी तो चोचीने मोजून घेतला.

मग मॅडम म्हणाल्या, "येसाजीराव, डोळे मिटा. काय दिसतं ते सांगा. विचार करू नका."

विचार न करणं येसाजीला जमण्यासारखं होतं. त्याने डोळे मिटले. त्याला दादा दिसला. दादाच्या चोचीत हिरवं पातं होतं आणि तो काहीतरी सांगत होता, पण पात्यामुळे कळत नव्हतं. मग दादा गेला आणि मागे लटकलेलं तेवढं राहिलं.

"अर्धं घरटं," येसाजी म्हणाला.

मॅडम बराच वेळ गप्प राहिल्या. गप्प राहणं हे त्यांचं सगळ्यात महागडं काम होतं.

"हेच," त्या म्हणाल्या. "अपूर्णता. शक्यता. खुलेपणा. येसाजीराव, हेच तुमचं व्हिजन. ते अर्धं घरटं आता माल नाही. ते प्रतीक आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही."

येसाजीला आधीच्या शब्दांतला एकही कळला नाही. 'हात लावायचा नाही' एवढं कळलं. तेवढ्यासाठी तो टिटवी मॅडमच्या पायाही पडला असता, पण ते नेमके वर होते.

दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या घरट्याला रानफुलांची माळ लागली. चुलतभाऊ पाती चिरायचं सोडून राखणीला बसले. जंगल बघायला लोटलं. बुलबुल म्हणाला, यातला रिकामेपणा किती भरलेला आहे. मोर म्हणाला, साधेपणा म्हणतात तो हाच, आणि पिसारा सावरून निघून गेला. कावळ्याने जाहीर केलं की तोही आता अर्धीच घरटी करणार. कावळ्याची घरटी आधीपासून अर्धीच असायची, फक्त आता त्याला लाज वाटेनाशी झाली.

येसाजी दिवसभर शेंड्यावर बसायचा आणि लांबचं बघायचा. नवं काम कोणी विणत नव्हतं. पण नाव झालं होतं.

पारूवहिनी काही बोलत नव्हती. ती माळेतली सुकलेली फुलं काढून ताजी घालायची आणि घरट्याकडे पाठ करून बसायची.

कौतिका परत आली तेव्हा तिला नीट उडताही येत नव्हतं.

"येसूभाऊ, माझं काय ठरलं?"

येसाजीने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. मग तो पाठ केलेलं म्हणाला, "कौतिका, तू आमच्या व्हिजनचा एक भाग आहेस."

"भागात अंडी घालता येतात का?"

"बाई, एवढं घर घर काय करतेस?" मॅडम मायेने म्हणाल्या. "मी उघड्यावर घालते. माझं कधी काही अडलं नाही."

"मॅडम, तुमची अंडी दगडासारखी दिसतात. माझी पांढरी असतात."

"तो तुझ्या मानसिकतेचा प्रश्न आहे."

कौतिका कष्टाने उडाली, राखणीला बसलेल्या चुलतभावांच्या मधून गेली आणि सरळ अर्ध्या घरट्याच्या दांडीवर जाऊन बसली. बसली आणि तिने अंग झोकून घरटं हलवलं.

येसाजी शेंड्यावरून दगडासारखा खाली आला.

"ऊठ. ऊठ तिथनं."

"बघू तर दे."

"ऊठ म्हणतो ना," म्हणत त्याने तिला चोच मारली. तिचं एक पीस विहिरीत गेलं. ती उठली नाही. तिने आणखी एकदा हलवलं, आणि दांडी एका बाजूने सुटली. कौतिका खाली लोंबकळली. माळ तुटून फुलं पाण्यात पडली.

"मोडलंस," येसाजी ओरडला. "दादाचं मोडलंस." त्याने पुन्हा चोच उगारली.

"भावजी, सोडा तिला," पारूवहिनी म्हणाली. ती कधी उडून आली ते कोणाला कळलं नव्हतं. "ते आधीच नापास झालंय."

"कुणी केलं नापास?"

"मी."

येसाजीची चोच तशीच राहिली.

"तुम्ही ओढ्यावर होता," वहिनी म्हणाली. "मी बसले, मी हलवलं, दांडी सरकली. हे म्हणाले, गवत वाळकं लागलं, गाठ धरत नाही. ओलं घेऊन येतो, मग हे सोडवतो. आणि गेले."

टिटवी मॅडम बोलल्या नाहीत, आणि हे गप्प राहणं फुकट होतं.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत, वहिनी?"

"काय सांगायचं? मी हलवलं नसतं तर ते गेले नसते, हे सांगायचं?" ती कौतिकाला सावरत होती. तिच्याकडे बघूनच बोलली. "मला वाटलं, राहू दे लटकत. तुम्हाला तेवढाच आधार. आणि मला तरी कुठं सोडवत होतं ते."

येसाजीने कौतिकाकडे बघितलं. तिच्या पाठीवर पीस उपटल्याची लाल खूण होती. खाली विहीर होती. पाणी काळं दिसत होतं.

"हलवलंत ते बरं केलंत, वहिनी," तो म्हणाला. "नाहीतर ही आतल्या अंड्यांसकट गेली असती."

मग तो फांदीवर गेला आणि दादाच्या गाठी एकेक करून सोडवायला लागला.

"येसाजीराव, थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्ही घरटं मोडत नाही आहात. तुम्ही तुमची ओळख मोडताय."

येसाजी थांबला नाही. त्याला सोडवताना रडू येत होतं, आणि रडताना गाठ दिसत नव्हती, म्हणून वेळ लागला. शेवटची गाठ सुटली तेव्हा त्याने सगळं विहिरीत टाकलं. ते थोडा वेळ तरंगलं.

"मी गवत आणतो," तो म्हणाला.

"वर लक्ष ठेवून जा," वहिनी म्हणाली.

येसाजीने जन्मात घुमट विणला नव्हता. पहिला विणला तो दही गाळायच्या फडक्यासारखा लोंबला. वहिनीने बसून हलवलं आणि तो तिच्यासकट खाली आला. ती विहिरीच्या काठावरून उडून वर आली आणि म्हणाली, "नापास." ते दोघे हसले. किती दिवसांनी हसले, आणि मग दोघांनाही हसल्याचं वाईट वाटलं. त्याने घुमट विहिरीत टाकला आणि पुन्हा गवताला गेला. पुढचाही विहिरीत गेला. चुलतभाऊ राखण सोडून पाती चिरायला बसले, कारण राखायला आता काही नव्हतं.

शेवटी एक घुमट वहिनीच्या हलवण्याला पुरून उरला. कौतिकाला बोलावलं. ती दांडीवर बसली, अंग झोकून हलली, दोन पाती ओढून बघितली.

"डावीकडं झुकलंय," ती म्हणाली.

"झुकलंय," येसाजी म्हणाला.

"गुणाजीभाऊंचं झुकायचं नाही."

"नाही झुकायचं."

"चालेल. मी झोपते डावीकडंच." आणि तिने मान डोलावली.

येसाजी वाट विणायला बसला. ती त्याला येत होती. वाट पुरी होताच कौतिका आत गेली, आणि तिची पांढरी अंडी घरट्याच्या आत, कोणाला दिसणार नाहीत अशी राहिली.

बघायला कोणी आलं नाही. पुऱ्या घरट्यात बघण्यासारखं काय असतं? जंगल फार हळहळलं. थोरल्याने एवढं नाव कमावलं आणि धाकट्याने विहिरीत घातलं, असं सगळे म्हणू लागले. टिटवी मॅडमनी काम सोडल्याचं जाहीर केलं. या दुकानात आता नेतृत्व उरलेलं नाही, नुसते विणणारे उरलेत, असं त्या म्हणाल्या, आणि कावळ्याकडे रुजू झाल्या. कावळ्याची भरभराट झाली. त्याच्या अर्ध्या घरट्यांचं प्रदर्शन नदीकाठी भरलं, तेव्हा वारा नव्हता.

प्रदर्शनाहून परतताना बुलबुल मुद्दाम बाभळीवर थांबला. त्याला येसाजीची खरोखर काळजी वाटत होती.

"ते सगळं झालं ते झालं," तो म्हणाला. "पण येसाजी, आता तरी तुझं व्हिजन काय ते सांग."

येसाजीच्या चोचीत हिरवं पातं होतं. त्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी तुम्हाला मोठं व्हायचं असेल तर चोच रिकामी ठेवायची सवय आत्तापासून लावा. चोचीत गवत असलं की व्हिजन सांगता येत नाही, आणि व्हिजन सांगता आलं नाही की जंगल तुम्हाला नुसता घरटी बांधणारा समजतं.