गुडघ्यांची जबानी

आमच्या रुग्णालयात गुडघ्याच्या ऑपरेशनआधी दोन्ही गुडघ्यांची जबानी घेतात. पेशंटची घेत नाहीत. गुडघा स्वतः हजर असताना मधल्या माणसाला कशाला विचारायचं, असं डॉक्टर गद्र्यांचं म्हणणं आहे, आणि मी त्यांच्याच वॉर्डची सिस्टर असल्यामुळे मला ते पटतं.

मालनकाकू खटावकरांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जबानीच्या वेळी मात्र डावाच पुढे सरसावला. म्हणाला, ऑपरेशन माझं करा. तेल उजव्याला, शेक उजव्याला, खाली उशी उजव्याला. सगळं वजन ओढून आपल्याला काय मिळालं? उजवा स्वभावाने भिडस्त. डाव्याचं आधी होऊ द्या, मी थांबतो, एवढंच तो कण्हत बोलला.

डॉक्टरांनी काकूंच्या यजमानांकडे पाहिलं. काकूंचं दुखणं, काकूंची भूक, काकूंची झोप, सगळं आजवर विष्णुपंतच सांगत आले होते. ते काकूंच्या समोर बसले होते. आपल्या डाव्या हाताला दिसणारा सुजलेला गुडघा त्यांनी नीट निरखला आणि ठामपणे सांगितलं, "डावा."

दोन साक्षी जुळल्या. डॉक्टर पेनचं टोपण काढून काकूंच्या धडधाकट डाव्या गुडघ्यावर वाकले. गुडघा चुकतोय हे मला दिसत होतं. पण सिस्टरचीही जबानी घेत नाहीत.

"डॉक्टर, तो नाही," काकू म्हणाल्या. "उजवा."

पेन थांबलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी रीतसर विचारलं, "आपलं या गुडघ्यांशी नातं काय?"

विष्णुपंत उत्तर द्यायला निघाले होते. काकूंनी हात वर केला.

"जिना चढताना हे दोघे गप्प असतात," त्या म्हणाल्या. "रडते ती मी."

डॉक्टरांनी बराच विचार केला. नातं जवळचं निघालं. त्यांनी पेन काकूंच्याच हातात दिलं. काकूंनी उजव्यावर बाण काढला आणि डाव्यावर चांगली ठसठशीत फुली मारली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डावा काही दिवस रुसला होता, पण काकूंनी त्यालाही तेल लावायला घेतल्यावर तो माणसात आला.

घरी सोडायच्या दिवशी मी सवयीने विष्णुपंतांना विचारलं, काकू चहा घेणार ना? त्यांनी तोंड उघडलं.

"त्यांना विचारा," डावा गुडघा म्हणाला.

मी विचारलं. काकूंना कॉफी हवी होती.