दोन पुरुष खोल झाडं

"परवान्याची काळजी तू सोड. ते माझ्यावर सोपव," दाजींनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

दगड काढून संपलेल्या जागेवर माती पसरून झाडं लावल्याशिवाय परवाना वाढवून मिळणार नव्हता. तो मिळाला नाही, तर दाजींच्या खाणीला कुलूप. माती केव्हाच पडली होती. झाडांचं मात्र दाजींनी आज-उद्या करत तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत आणलं. मग त्यांनी घाईघाईने रोपं मागवली आणि खाणीत सुरुंगाचं काम बघणाऱ्या मेहुण्याला फोन लावला.

"साठ खड्डे घे, एकेकात एक रोप सोड. काम नेहमीसारखं चोख पाहिजे."

"दाजी, तुम्ही निर्धास्त राहा."

मेहुण्याने आयुष्यात एकाच प्रकारचे खड्डे घेतले होते. त्याने ड्रिल मशीन सुरू केलं.

सकाळी दाजी अधिकारीबाईंना घेऊन ऐटीत पोचले. समोर माती होती, मातीवर लख्ख ऊन होतं. झाडाचं नाव नव्हतं.

"झाडं कुठायत?" बाईंनी विचारलं.

दाजींनी तोच प्रश्न मेहुण्याकडे ढकलला.

"आत आहेत की," मेहुणा अभिमानाने म्हणाला. "दोन पुरुष खोल. वादळ आलं तरी हलायची नाहीत!"

दाजींच्या पायाखालची जमीन सरकली. तिला आधीच साठ भोकं पडली होती.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी मोबाइलचा उजेड एका भोकात सोडला. खूप खाली एक हिरवा शेंडा दिसला.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता तिथेच मातीत बसल्या. "अहो, लोक मला भाड्याच्या कुंड्या दाखवतात. झाडं खरी लावून ती दाखवता न येणारे तुम्ही पहिलेच. तीन महिने खाण चालू ठेवा, पण ही वर काढून नीट लावा. खड्डे तुम्ही स्वतः घ्यायचे, फावड्याने. यांच्या हातात मशीन द्यायचं नाही."

आकडा लावलेल्या तारेने रोपं एकेक करून वर आली. दाजींनी कित्येक वर्षांनी फावडं धरलं. तळहाताला फोड आले, कंबर धरली, पण संध्याकाळी पहिलं रोप वाऱ्यावर डुलायला लागलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की रोपाला धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि बायकोला पाठवला.

तिचं लगेच उत्तर आलं.

"झाड छानच. धरून उभा आहे तो नवीन माणूस ठेवलात का? कामाचा दिसतोय. सोडू नका."