ग्रहणातलं टमाटर

"टमाटर! भर गरहनात टमाटर कापलं हिनं!"

पुनाराम पटलेचा हा पुकारा सकाळपासून अंगणात चालू होता. तिरोड्याजवळच्या त्या गावात त्याचा राग सगळ्यांच्या ओळखीचा. धानाच्या मळणीयंत्रावर, सायकलच्या चेनवर, उन्हावर आणि ऊन न पडल्यावरही तो सारख्याच निष्ठेनं चिडायचा. आज मात्र चिडायला खरं कारण होतं. त्याच्या तान्ह्या नातीच्या उजव्या डोळ्यातली बाहुली गोल नव्हती. ती खालच्या अंगाला ओघळलेली होती, कुलपाच्या भोकासारखी. आणि पोटुशी असताना सून दामिनीनं ग्रहणात चाकू हाती धरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुनारामनं चिचगडच्या व्याह्याला फोन लावला, "या अन् आपली पोरगी घेऊन जा."

व्याही उदाराम आला, पण तोही काही मऊ मातीचा नव्हता. गाडीतून उतरता उतरताच तो कडाडला, "कायले घेऊन जाऊ? म्हैस हाय का वापस करायले?"

"नातीचा डोरा पाहा आधी! तुमच्या पोरीनं टमाटर कापलं!"

"कापलं," लेकराला घेऊन दामिनी दारात आली. तिचे डोळे रडून नाही, रागानं लाल झाले होते. "पन चटनी कोनाले पाहिजे होती?"

सासू फुलवंतानं नजर आभाळाकडे नेली. 'गरहन असो का फरहन, मले चटनी पाहिजे' असं त्या दिवशी कोण गरजलं होतं, हे तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

"मंग?" उदारामला जोर चढला. "दोष मागनाऱ्याचा का कापनाऱ्याचा?"

"बिना कापल्याची बी चटनी होते! पाट्यावर वाटता येते!" पुनाराम ओरडला. आपला मुद्दा लंगडा आहे हे त्याला कळलं, म्हणून तो आणखी मोठ्यानं ओरडला, "वाटता येते म्हनून राहिलो ना!"

दामिनीचा नवरा हेमराज शेवटी मध्ये पडला. "बाबूजी, भांडून डोरा नीट होते का? गोंदियाले दाखवू."

"चाला! डॉक्टरच सांगन कोनाची चूक हाय ते!" दोघे व्याही एकाच सुरात म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर.

गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी लेकराचा डोळा बॅटरी मारून तपासला. पुनारामनं टमाटराचा सगळा इतिहास ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता?"

"आठवा," दामिनी म्हणाली.

"मग टमाटर निर्दोष आहे. ही फट दुसऱ्या महिन्यातलीच." त्यांनी टेबलावरची वाटी उचलली. "गर्भात डोळा आधी असा वाटीसारखा तयार होतो. या वाटीच्या तळाशी एक फट असते. पेशी एकमेकींना निरोप देतात, तू पडदा हो, तू बुबुळ हो, तू आता मिट. कोणी कधी काय निरोप द्यायचा ते जनुकांत ठरलेलं असतं. इथं मिटायचा निरोप नीट पोचला नाही, म्हणून फट तशीच राहिली."

पुनारामला एवढंच समजलं की कोणीतरी कामात कुचराई केली. "निरोप कोनं देल्ला नाई? नाव सांगा त्याचं!"

"पेशीला नाव नसतं हो, बाबा."

"मंग तिले कामावर कोनं ठेवलं?"

"जनुकांनी. ती आईबापांकडून येतात, आईबापांना त्यांच्या आईबापांकडून. कधी हे घराण्यातच असतं."

"त्यायच्या घरान्यात!" दोघे व्याही एकमेकांकडे बोट दाखवत म्हणाले.

"चला, सगळ्यांचेच डोळे बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाचही मोठ्या माणसांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब पडले. "डोळे मिटून बाकावर बसा," नर्सनं बजावलं. पण पुनारामचे डोळे मिटले तरी तोंड कसं मिटणार? शेजारी कोणीतरी धपकन बसल्याचं त्याला जाणवलं, आणि तो दबक्या आवाजात सुरू झाला. "आयका, इवाई. तुमच्या घरान्याचं मले पहिल्यापासून मालूम होतं. लग्नात तुमचा भाऊ तिरपा तिरपा पाहून राहिला होता, तवाच मी समजलो. आता डॉक्टरनं पकडलं का, मंग कोनत्या तोंडानं चिचगडले जासान?"

पुनाराम आणखी पेटला. "बोला ना! दातखीर बसली का?"

"भैया, मैं तो बालाघाट से आया हूँ," शेजारचा घाबरून म्हणाला. "मेरा तो मोतियाबिंद है."

"मी इकडं हाय," दुसऱ्या बाजूनं उदारामचा आवाज आला. "समदं आयकलं."

आत बोलावणं आलं. उदारामचे डोळे साफ निघाले, दामिनीचे साफ, फुलवंताचेही साफ. हेमराजच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर खाली बारीकशी फट दिसली. पुनारामच्या पाळीला डॉक्टरीणबाई बराच वेळ वाकून राहिल्या. "वर बघा बाबा. खाली बघा. परत खाली." मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला वरचं कमी दिसतं का? दाराची चौकट डोक्याला लागते?"

"चौकटीच ठेंगन्या करतेत साले!" पुनाराम उसळला.

"बाप्पा!" फुलवंतानं कपाळावर हात मारला. "गावातल्या एकूनएक सुताराले शिव्या देल्ल्या यायनं!"

"चौकटी बरोबर आहेत. तुमच्या दोन्ही पडद्यांना खालच्या बाजूला फट आहे, जन्मापासून. तिथं पडदा नाही म्हणून वरचं दिसत नाही. रक्त तपासलं की पक्कं कळेल, पण हे तुमच्याकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातीकडे आलेलं दिसतंय. यात कोणाचीच चूक नाही. पोरीला चांगलं दिसेल. पुढं चष्मा लागेल, आणि पडदा सुटू नये म्हणून नेमानं तपासायला मात्र आणायचं."

उदारामनं दीर्घ श्वास घेतला. चांगलं सुनावायला त्याला असा मोका आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. पण दामिनीनं हातानंच बापाला थांबवलं आणि सासऱ्यासमोर उभी राहिली.

"आता कोनाले माहेरी धाडता, मामाजी?"

पुनारामनं तोंड उघडलं. रागवायला समोर सून होती, व्याही होता, डॉक्टरीण होती, वर गेलेला बाप होता. पण एकावरही राग ठरेना. तो तसाच बाहेर उन्हात गेला आणि फाकलेल्या बाहुल्यांत ऊन घुसताच सूर्यावर खेकसून आत आला.

सगळे गावी आले. उदाराम मात्र परत गेला नाही, मुक्कामाला राहिला. दामिनीनंच त्याला थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुनाराम ओसरीत नातीला मांडीवर घेऊन बसला होता. शेजारची शामकला आली. तिनं निजलेल्या लेकराच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहून हळहळल्यासारखं केलं. "काऊन जी, सुनेनं गरहन पाळलं नाई म्हनते?"

"कोन म्हनते?" पुनारामच्या मानेची शीर ताठ झाली. "कोनाचं गरहन? हे आमच्या खानदानाचं हाय! माह्या डोऱ्यात हाय, माह्या पोराच्या डोऱ्यात हाय! पोरगी माह्यावर गेली!"

लेकरू दचकून जागं झालं आणि मुठी आवळून त्याच्याहून मोठ्यानं किंचाळलं. दामिनी आतून आली आणि तिनं लेकराला उचलून घेतलं. "कायले वरडून राहिले, मामाजी? हरू बोला, आताच निजली होती ना."

पुनाराम उठला, फाटकापर्यंत गेलेल्या शामकलाला त्यानं हातानं थांबवलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"माह्यावर गेली," तो कुजबुजला. "पन आता हरू बोल."