दौलतदादांची सावकाश लंका

दौलतदादा रस्त्यानं चार पावलं चालतात, थांबतात, मागं वळून पाहतात आणि मग पुढची चार पावलं टाकतात. मागं कोणी नसतं. गावाबाहेर मावल्याच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणारे लोक आता त्यांना टाळून बाजूनं जातात. मी पडलो सख्खा शेजारी. मला मेल्याला बाजूनं जाता येत नाही.

हाच माणूस आदिलाबादच्या बस डेपोत टाइमकीपर होता, हे सांगून खरं वाटत नाही. "टाइम म्हंजे टाइम!" हे त्यांचं पालुपद. शिट्टी वाजली की बस निघाली. मग चढणाऱ्याचा एक पाय खाली असो, नाहीतर सासरा. घरीही तेच. बाजारात, लग्नाला, विहारात, कुठंही निघाले की हे पुढं तरातरा आणि शेवंतावहिनी पिशवी घेऊन दूर मागं. नवरा पुढं, बायको मागं, ही आमच्याकडची रीतच. पण दादांनी तिची शर्यत करून टाकली होती. गुडघे गेल्यावर वहिनी वळणावरून ओरडायच्या, "अवो, थांबा ना जरासक!" दादा मान न वळवता म्हणायचे, "तू ये मांगून. रस्ता तं पाह्यला हाये ना!"

मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. चहा ठेवते म्हणून उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. दादांची ही नवी चाल तेव्हापासूनची. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मीही म्हणालो.

अशात आमच्या विहारातल्या मंडळींची श्रीलंकेची सहल निघाली. ती हौस खरं तर वहिनींची. तिथल्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा म्हणून नवऱ्याच्या मागं लागून त्यांनी दोघांचे पासपोर्ट काढवले होते. अट एकच होती, "मले तिथं पळवू नका." आता दादा एकटेच निघाले, आणि "तुमी शेजारी हाव, तुमीच सांभाळा" म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात मारले.

श्रीलंका फार सुंदर आहे म्हणतात. मी पाहिली नाही. मी दौलतदादांना पाहत होतो.

डोंगरातली आगगाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. सगळे कंटाळले, आभाळ भरून आलेलं, खिडकीतून नुसतं धुकं. दादा मात्र समाधानी. "डेपोत असती तं म्या हिले मेमो देल्ला असता. पन बरी हाये. कोनालेबी गाठता येते." खिडकीची जागा त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती. मी बसायला गेलो तर म्हणाले, "तिथं नोको." मी उभा राहिलो. परदेशात जाऊन उभ्यानं प्रवास!

एका टपरीवर काळा चहा आला, सोबत ताडगुळाचा खडा. खडा दातानं जरा तोडायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा, अशी तिथली पद्धत. आम्ही खडा कडाकडा चावून बसमध्ये जाऊन बसलो. दादा एक घोट घेत, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहत, मग दुसरा घोट. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

"दादा, मानसं चिडून राह्यले ना!"

"चिडू दे बावा. घाई काऊन? म्या का कमी मानसं चिडवले शिट्टी मारून?"

मला असा संताप आला की बास.

शेवटच्या दिवशी अनुराधपूर. तिथून थेट विमानतळ गाठायचं होतं. अंगावर पांढरे कपडे, पाय अनवाणी, खाली तापलेली वाळू. फुलं विकणारी एक म्हातारी दादांची चाल पाहून हसली आणि हात हलवत म्हणाली, "हेमिन्, हेमिन्." टूरवाले भाऊ म्हणाले, सावकाश जा म्हणते. दादांनी तिला असे हात जोडले, जसं काही कोणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं बोललं होतं.

बोधिवृक्षाला फुलं वाहून सगळे खाली उतरले, बसमध्ये बसले. दादा नव्हते. मी तणतणत पुन्हा वर गेलो. पायऱ्यांच्या टोकाला दादा उभे, हातात अजून फुलं, नजर खालच्या पायरीवर.

"कोनाची वाट पाहून राह्यले, दादा? टाइम झाला ना!"

"सुधाकर," ते हळूच म्हणाले, "तिच्या गुडघ्यानं इथवर चढून याले किती येळ लागला असता रे?"

माझा पारा तिथल्या तिथं उतरला.

"म्या कदी मांगं पाह्यलंच नाही. वाटे, हाये ना मांगं, येतेच. जनमभर मांगं राह्यली, अन् एक रोज मले न सांगता पुढं निघून गेली. आता कितीबी चाललो तं गाठत नाही." फुलं हातात तशीच धरून हा टाइमकीपर लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. माझ्याही डोळ्यांना धार लागली. त्या रिकाम्या स्टुलाचा आणि अडवून ठेवलेल्या जागेचा अर्थ मला तेव्हा कळला. इतके दिवस मी नुसतं घड्याळ पाहत होतो.

खालून हॉर्नवर हॉर्न. टूरवाले भाऊ धापा टाकत वर आले. "अहो काका, विमान चुकेल! सगळे बसलेत. आता कोण राहिलंय?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायऱ्यांकडं पाहिलं. पांढऱ्या साडीतल्या बाया गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी चढत होत्या.

"आमच्या वहिनी येऊन राह्यल्या," मी म्हणालो. "पायऱ्या उंच हायेत. थांबा ना जरासक."