हणमंत मास्तरांचे रानकोंबडे

कराडात जो कोणी रानकोंबडा मारी, त्याचा कोंबडा महिन्याभरात हुबेहूब त्याच्यासारखा दिसू लागे. यात जादूटोणा नव्हता. आमचे शेजारी हणमंत मास्तर होते. शाळेत ते ड्रॉइंग शिकवत आणि घरी मेलेले पक्षी पुन्हा उभे करत.

कोयनेला धरणाचं काम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. बंदूकवाले तिकडच्या रानात जात. मांस घरच्या चुलीवर जाई आणि पिसांसकट सोललेलं कातडं मास्तरांकडे. मास्तर त्याला आतून मीठ आणि तुरटी चोळत, तारेचा सांगाडा करत, माधवनगरच्या गिरण्यांतला टाकाऊ कापूस ठासून भरत. अडचण त्यापुढची. जिवंत रानकोंबडा मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. मग तो उभा कसा करायचा? ते सरळ शिकाऱ्यालाच अंगणात उभं करत आणि त्याचं चित्र काढून घेत.

"कोंबडा मेला, ऐट कुठं मेली?" ते म्हणत. "ती मारणाऱ्याच्या अंगात शिरती. जरा मान वर घ्या."

परिणाम भयंकर होत. एका वकिलाचा कोंबडा असा छाती काढून उभा राहिला की पक्षकार त्याच्यासमोर चपला काढू लागले. डॉक्टरांचा कोंबडा पाहून पेशंट आपोआप जीभ बाहेर काढत. माझ्या मावशीनं तर त्याला तीन दिवसांच्या खोकल्याचं सगळं रामायण ऐकवलं आणि "बरं वाटतंय आता" म्हणत घरी आली.

एकदा नदीपलीकडचे रंगराव पाटील आपला कोंबडा काखोटीला मारून आले. कोंबड्याचं पोट सुटलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला, पंख पाठीमागे हात बांधल्यासारखे. मी मास्तरांच्या ओट्यावरच होतो. मी हसू आवरायला खांबाकडे तोंड केलं.

"मास्तर, ह्यो कोंबडा हाय का माजी टवाळी?" पाटील म्हणाले. "बायकू त्येला आवं म्हनती अन् मला कोंबड्या."

मास्तरांनी दुसरा करून द्यायचं कबूल केलं. पण पाटलांची नजर आत फळीवर गेली होती. तिथे एक तितराची मादी होती. ऐट अजिबात नाही. एक पाय किंचित उचललेला, मान दाराकडे वळलेली. पाटील तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, हीच द्या.

मास्तर नाही म्हणाले. मी चाटच पडलो. या माणसानं भर पावसात स्वतःची छत्री दुसऱ्याला दिलेली मी पाहिली होती. पाटलांनी बंदूक देऊ केली, दुभती म्हैस देऊ केली, शेवटी फेटासुद्धा काढून पुढे धरला. मास्तर नाहीच.

"आवं, पर कुनाची पोज हाय म्हनायची ही?" पाटील चिडून म्हणाले.

मास्तर फडक्यानं फळी पुसत राहिले. मग म्हणाले, "आमच्या मंडळींची. माझ्या सायकलची घंटी ऐकली की चुलीपुढनं उठून अशी उभी राहायची. जिवंतपणी चित्र काढायचं राहून गेलं. तिला आठवून ही केली. मान तेवढी जमलीय."

वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. पाटलांनी फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला, कोंबडा उचलला आणि दारातून मागे वळून हलकेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनींना हितंच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी मास्तरांच्या सायकलची घंटी रोजच्यासारखी वाजू लागली. बोळ रिकामा होता. रिकाम्या बोळात मास्तर कुणाला बाजूला सारतात, म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांची चेष्टा करत आलो होतो. त्या दिवशी केली नाही. सायकल भिंतीला टेकवून, शीळ घालत ते आत गेले आणि मला त्यांचा खुशीतला आवाज ऐकू आला,

"आलो गं."