सासरेबुवांचे शून्य दोष

सासऱ्यांनी चिमटा मागे ओढून घेतला आणि वाल्देमारचा पुढे आलेला हात हवेतच राहिला.

"तुम्ही कशाला त्रास घेताय, जावईबापू," एलादिओ म्हणाले. "तुम्ही टोमॅटो चिरा. टोमॅटो झकास चिरता तुम्ही."

दुराझ्नो गावात रविवारी अंगणातल्या जाळीवर मांस भाजणारा घरात एकच असतो. बाकीच्यांनी हातात पेला धरून लांबून सल्ले द्यायचे, भाजणाऱ्याने ते ऐकायचे नाहीत, आणि पहिला घास पोटात गेला की सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. वाल्देमारच्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याने या अंगणात गाडीभर टोमॅटो चिरले, पण चिमट्याला त्याचं बोट म्हणून लागलं नव्हतं. तिकडे राजधानीत, मोंतेविदेओत, त्याची स्वतःची कंपनी होती, दारावर नावाची पाटी होती, बँका त्याला फोन करत. इथे मात्र तो टोमॅटोवाला होता, आणि हे त्याला मनापासून लागायचं.

त्याची कंपनी एकच वस्तू विकत असे: दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचून त्यांतल्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम. त्याचं नाव 'तेरो'. तेरो म्हणजे तिकडच्या कुरणांतली टिटवी. कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकलं की ती बोंब ठोकते. नाव वाल्देमारनेच शोधलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. सासऱ्यांनी ते ऐकल्यावर गावातली जुनी म्हण तेवढी ऐकवली होती, "तेरो ओरडतो एकीकडे आणि अंडी घालतो दुसरीकडे."

त्या रविवारी टोमॅटो चिरता चिरता वाल्देमारला कल्पना सुचली. एलादिओ गावातल्या लोकरीच्या सहकारी संस्थेत होते. कोणाची किती लोकर आली, ती कोणत्या प्रतीची, कोणाला किती पैसे द्यायचे, हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी एकट्याने लिहिला होता आणि तो अजून चालत होता.

"बाबा, तुमचा तो लोकरीचा प्रोग्रॅम द्या ना एकदा. आमच्या तेरोला वाचायला देतो."

"तो कोबोल नावाच्या जुन्या संगणकी भाषेत आहे. तुमच्या टिटवीला कोबोल येतं?"

"तेरोला सगळ्या भाषा येतात!" वाल्देमार म्हणाला. त्याचा आत्मविश्वास भारी होता. माहितीवाचून त्याचं कधी अडत नसे.

"बाबा, देऊ नका हं," त्याची बायको यानिना म्हणाली. "मागे हा आमचा नळ दुरुस्त करायला बसला, तर शेजाऱ्यांचं पाणी बंद झालं."

एलादिओंनी निखारे सारखे केले. मग हात पुसून आत गेले आणि प्रोग्रॅमची प्रत घेऊन आले. "जपून," एवढंच म्हणाले.

सोमवारी वाल्देमारने तो तेरोला चारला. एरवी चहाच्या कपाएवढा प्रोग्रॅम दिला तरी तेरो दोन-चार मिनिटं कुरकुरत बसे. आज डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा हिरवागार झाला: 'दोष: शून्य.' वाल्देमार खुर्चीतून उठून नाचलाच. तेरोला नव्या नव्या भाषा शिकवणारी निदिया त्या आठवड्यात रोचाच्या समुद्रावर सुट्टीला गेली होती, त्यामुळे शंका काढणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

"बाबा, शून्य!" त्याने फोनवर सांगितलं.

"काय शून्य?"

"दोष! एवढ्या वर्षांच्या कामात एक चूक नाही!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "एकही नाही?"

"औषधालासुद्धा नाही."

"बरं," एलादिओ म्हणाले आणि फोन ठेवला. सासरे आनंदाने घरभर सांगायला धावले असणार, असं वाल्देमारने स्वतःच ठरवलं.

आता वाल्देमार गप्प बसणारा असता तर गोष्ट इथेच संपली असती. त्याने सासऱ्यांचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत टाकला आणि खाली लिहिलं: 'शून्य दोषांचा माणूस'. संस्थेने तोच फोटो मोठा करून फाटकावर लावला. गावच्या रेडिओने लोकरीचा भाव आणि हवामान यांच्या मधोमध बातमी दिली. बेकरीवाला एलादिओंकडून गोड पावाचे पैसे घेईना. आणि पुढच्या रविवारी, दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा, सासऱ्यांनी वाल्देमारला सरपण आणू दिलं.

मग मोंतेविदेओतल्या एका मोठ्या बँकेच्या संगणक विभागाच्या प्रमुख इवोन मॅडमचा फोन आला. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"काय हो वाल्देमार, तुमचा तेरो आमच्या पोरांच्या कामात रोज ढिगाने चुका काढतो. पोरं रडकुंडीला आलीत. आणि मेंढरांच्या गावातल्या एका म्हाताऱ्याच्या कामात शून्य?"

"अनुभव, मॅडम. दुसरं काय!"

"मग मला भेटायचंय त्यांना. शिकवतील का ते आमच्या पोरांना?"

"न शिकवायला काय झालं! येत्या रविवारी या दुराझ्नोला. मांस भाजायचा बेत आहेच."

दुसऱ्या दिवशी निदिया कामावर आली. नाकाचं साल निघालेलं, काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' नावाच्या तिकडच्या कडू चहाचं भांडं. तिने जाहिरात वाचली, मातेचा एक घोट घेतला आणि विचारलं, "तेरोला कोबोल कोणी शिकवलं?"

"तूच ना?"

"मी नाही बाबा."

"मग त्याला आधीपासूनच येत असेल."

"वाल्देमार, कोबोल म्हणजे काय पोहणं आहे, बदकाच्या पिल्लाला पाण्यात टाकलं की आलं?" तिने खुर्ची ओढली. "जी भाषा येत नाही त्या फाइली तेरो बाजूला सारतो. उघडतसुद्धा नाही. न उघडलेल्या फाइलीत चुका कुठून दिसणार? म्हणून शून्य."

"पण मग पडदा हिरवा कसा झाला?"

"हिरवा तूच मागितला होतास. 'चूक दिसली तरच लाल दाखव, उगाच गिऱ्हाईक घाबरतं' असं कोण म्हणालं होतं?"

वाल्देमारला ते आठवलं. निदियाने त्याच्या देखत आपल्या आईची तोर्ता फ्रिता, म्हणजे तिकडच्या पुऱ्या, तळायची कृती टाइप केली आणि तेरोला दिली. पडदा हिरवा. दोष शून्य.

"बघ," निदिया म्हणाली. "आणि आई मीठ घालायला नेहमी विसरते."

वाल्देमारने डोक्याला हात लावला. "रविवारी बँक येतेय."

"आधी सासऱ्यांना फोन कर."

"आणि काय सांगू? गेल्या रविवारी त्यांनी मला लाकडं आणू दिली, निदिया. लाकडं! अजून एक पायरी आणि चिमटा माझ्या हातात होता." तो खुर्चीत कोसळला. पण पडून राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "असं करू. तू तेरोला कोबोल शिकव. रविवारच्या आत."

"एक भाषा शिकवायला महिने जातात!"

"सगळी कोण मागतंय? बाबांच्यापुरती."

निदियाने आणखी एक घोट घेतला. "बाबांच्यापुरती," ती हळू म्हणाली. "एका माणसाची भाषा म्हणजे त्याच्या सवयी. तेवढं बसवता येईल कदाचित."

आठवडाभर निदिया खुर्चीवरून हलली नाही. वाल्देमार थर्मासात पाणी भरून देत होता आणि मधून मधून तिच्या खांद्यावरून डोकावत होता. ती काही काही मोठ्याने वाचून दाखवी. एका तुकड्याचं नावच 'इथे कोणी हात लावू नये' असं होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर एलादिओंनी लिहिलं होतं: 'हे कशासाठी आहे आठवत नाही. काढलं की मेंढ्या संस्थेलाच पैसे देणं लागतात.' निदिया पोट धरून हसली, आणि मग तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"माणूस वेडा आहे," ती म्हणाली. "पण हे इतकी वर्षं उभं ठेवणं वेड्याचं काम नाही."

शनिवारी तेरोने पहिल्यांदा तो प्रोग्रॅम खरोखर वाचला. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला आणि खाली खाली जातच राहिला. छापायला घेतलं तर कागद संपले.

"आणखी एक बदल केलाय," निदिया म्हणाली. "इथून पुढे जे वाचलंच नाही, त्याला तेरो हिरवा दाखवणार नाही. पिवळा दाखवेल, आणि स्पष्ट सांगेल, 'वाचलं नाही'. यात तुझं ऐकणार नाहीये मी."

रविवारी एलादिओंच्या अंगणात धूर निघत होता. इवोन मॅडम पेस्ट्रीचा खोका घेऊन आल्या होत्या, निदियाही होती, आणि काचिला नावाचं म्हातारं कुत्रं टेबलाखाली आशेने बसलं होतं. वाल्देमार कागदांचा गठ्ठा काखेत मारून सरळ जाळीपाशी गेला. खोटं सांगायला त्याला कधी तयारी लागत नसे, पण खरं सांगायची सवय नव्हती, म्हणून त्याने एका दमात सांगून टाकलं.

"बाबा, ते शून्य खरं नव्हतं. तेरोला कोबोल येतच नव्हतं. त्याने तुमचं एक अक्षर वाचलं नव्हतं, आणि मी जगभर सांगत सुटलो. आता वाचलंय. हे घ्या."

इवोन मॅडमचा पेस्ट्रीकडे जाणारा हात थांबला. एलादिओंनी हात पुसले, गठ्ठा घेतला आणि पहिलं पान वाचलं. मग दुसरं.

"रागावलात?" वाल्देमारने विचारलं.

"तुम्ही शून्य म्हणालात ना, तेव्हा रागावलो होतो," एलादिओ म्हणाले. "जन्म घातला मी त्या प्रोग्रॅमात. त्यात काय काय भरून ठेवलंय ते मला माहीत नाही? इतक्या वर्षांत कोणी उघडून बघितला नाही. म्हटलं जावई बघतोय, बरं वाटलं. आणि तुमचा फोन आला, एकही चूक नाही. म्हटलं, झालं! यानेही वाचला नाही." त्यांनी पान उलटलं. "पुन्हा तो फोटो. बेकरीवाल्याला काय सांगणार, कपाळ?"

वाल्देमारने आपणहून टोमॅटोची सुरी उचलली. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"अरे, ही चूक नाही!" एलादिओ एकदम ओरडले. "पूर आला होता त्या साली, अर्ध्या मेंढ्या नदीपार अडकल्या होत्या. त्यांची लोकर कुठे धरायची? तुमच्या टिटवीला काय कळतंय!"

"बघू बघू," म्हणत इवोन मॅडमनी खुर्ची शेजारी ओढली. दोन पानं वाचून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या बँकेतही असलं एक आहे. तळघरात. आम्ही ते तेरोला दाखवतच नाही."

"कोबोल?"

"कोणाला सांगू नका."

दोघांची डोकी गठ्ठ्यात शिरली. एलादिओ भांडत होते, हसत होते, मांडीवर थाप मारत होते. यानिनाने बापाला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. जाळीवर चरबी चरचरायला लागली. एलादिओंनी मान वर न करता हात लांब केला, आणि त्या हातात चिमटा होता.

"जावईबापू, धरा हे जरा."

"बाबा, नको!" यानिना म्हणाली. पण चिमटा वाल्देमारच्या हातात गेला होता.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मला सगळं येतं."

निखारे थोडे कमी वाटले म्हणून त्याने लाकडं टाकली. लाकडं पेटली म्हणून फासळ्या उलटल्या. उलटलेली बाजू फिकी दिसली म्हणून पुन्हा लाकडं टाकली. थोड्या वेळाने जाळीवर फासळी कुठली आणि कोळसा कुठला, ते हात लावूनच कळलं असतं. तरी त्याने ताटं भरली आणि चिमटा छातीशी धरून उभा राहिला. सगळे एलादिओंकडे बघायला लागले. पहिला शब्द घरच्या मोठ्या माणसाचा.

"कसं झालंय, बाबा?"

"शून्य दोष!" एलादिओ खणखणीत आवाजात म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इवोन मॅडमनीही वाजवल्या. वाल्देमारचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांचे टोमॅटो त्या क्षणी फिटले. मग त्याची नजर सासऱ्यांच्या ताटावर गेली. फासळी जशीच्या तशी होती, दात सोडाच, काटासुद्धा टोचलेला नव्हता. एलादिओ पुढचं पान वाचत होते. काचिलाने खाली पडलेला एक तुकडा हुंगला आणि ते कुत्रं टोमॅटोच्या ताटाजवळ जाऊन बसलं.

निदियाने मान तिरकी करून एलादिओंचं ताट नीट पाहिलं.

"पिवळा," ती हळूच म्हणाली.

वाल्देमारने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चिमटा मात्र त्याने संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.